हिमपादुका

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात कुरुंदा हे गाव आहे. या भागातील काळी, कसदार जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि तिचा दाट, चिकट चिखल होतो. अशा वेळी शेताच्या वाटेवर टाकलेला पाय घोट्यापर्यंत रुतून बसतो. मग जाणता शेतकरी वाटेवर पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा थर अंथरतो आणि त्याच चिखलावरून माणसे चालू लागतात. पऱ्हाट्यांनी माणसाचे वजन काही कमी होत नाही. ते फक्त अधिक जागेवर पसरते.

कुरुंद्यास हिम पडत नाही. तथापि चिखलाच्या वाटेवरील हीच युक्ती दूर हिमालयाच्या डोंगरवाटांवर माणसाचे प्राण वाचविते. नुकतेच पडलेले हिम कापसासारखे भुसभुशीत असते. त्यात सुमारे नऊ-दशांश भाग हवेचाच असतो. त्यावर साध्या बुटांनी चालू लागले, तर पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत खाली जातो. तो उपसून पुढे टाकावा, तर पुन्हा तीच गत. शंभर पावलांतच धाप लागते, अंग घामाने भिजते, आणि भिजलेले कपडे त्या कडाक्याच्या थंडीत शरीराची ऊब झपाट्याने शोषून घेतात. अशा ठिकाणी थकून बसणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होय.

यावरील उपाय म्हणजे हिमपादुका. तिचे मर्म साध्या गणिताने कळते. समजा, एका मुलाचे वजन कपड्यांसह ३६ किलोग्रॅम आहे. चालताना क्षणभर सारा भार एकाच पायावर येतो. बुटाच्या तळाचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर धरले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २४० ग्रॅम भार पडतो. त्याच मुलाच्या पायात १२०० चौरस सेंटिमीटरची हिमपादुका बांधली, तर हा भार केवळ ३० ग्रॅम, म्हणजे पूर्वीच्या एक-अष्टमांश होतो. पाय थोडासा दबतो खरा, पण रुतून बसत नाही.

जुन्या हिमपादुकेकडे पाहिले, की आपल्याकडील बाजेची आठवण होते. बाजेला लाकडी चौकट असते आणि ती सुतळीने विणलेली असते. हिमपादुकेत लवचीक लाकूड वाकवून चौकट करीत आणि ती कच्च्या चामड्याच्या वाद्यांनी विणीत. विणीच्या फटींतून हिम खाली गळून पडते, त्यामुळे पादुका जड होत नाही. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी या कलेत फार प्रावीण्य मिळविले होते. आजच्या हिमपादुका बहुधा ॲल्युमिनियम व प्लॅस्टिक यांच्या असतात आणि पाय घसरू नये म्हणून त्यांच्या तळाला धातूचे दात असतात. बूट पुढच्या बाजूने बांधतात, टाच मात्र मोकळी ठेवतात. त्यामुळे पाऊल उचलताना पादुकेचा मागचा भाग हिमावरच घसटत येतो आणि श्रम वाचतात.

ही युक्ती प्राचीन आहे. इ. स. पूर्व ४०१ च्या हिवाळ्यात ग्रीक सैनिकांची एक तुकडी आर्मेनियाच्या हिमाच्छादित प्रदेशातून मायदेशी परतत होती. थंडीने अनेक सैनिक व जनावरे मरण पावली. तेव्हा तेथील एका गावच्या प्रमुखाने घोड्यांच्या पायांना लहान पिशव्या बांधण्यास शिकविले. त्या नसत्या, तर घोडे पोटापर्यंत रुतत. हा वृत्तांत त्या सैन्याचा एक नायक झेनोफन याने लिहून ठेवला आहे. निसर्गाने तर ही सोय आधीच केली आहे. हिमालयातील हिमबिबट्याचे पंजे रुंद असून त्यांच्या तळाला दाट केस असतात.

मात्र हिमाची रूपे अनेक आहेत. भुसभुशीत हिमावर हिमपादुका उपयोगी पडते. काचेसारख्या कठीण बर्फाच्या उभ्या चढावर तिचा उपयोग नाही. तेथे बुटांना पोलादी दातेरी पट्ट्या बांधतात. एव्हरेस्टसारख्या शिखरांवर चढणारे गिर्यारोहक अशाच पट्ट्या वापरतात. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण हे एव्हरेस्टवर पोहोचणारे पहिले महाराष्ट्रीय गिर्यारोहक ठरले.

हिमपादुका घालून चालण्याचीही रीत आहे. पाय किंचित फाकवून टाकावे लागतात. नाहीतर एक पादुका दुसरीवर पडून माणूस कोलमडतो. हातांत दोन काठ्या असल्या, तर तोल सांभाळतो. सर्वांत पुढचा माणूस हिम तुडवून वाट करतो व मागचे त्याच्या पावलांवर पाऊल ठेवतात. पुढचा लवकर थकतो, म्हणून ही जागा आळीपाळीने घ्यावी लागते.

थंडीपासून बचाव करण्यासाठी एका जाड कपड्याऐवजी अनेक पातळ कपडे घालतात. त्यांच्यामध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, आणि घाम येण्यापूर्वी एखादा कपडा काढताही येतो. बोटे, नाक व कान यांना हिमदंशाचा धोका असतो. ते पांढुरके व बधिर झाले, तर चोळू नयेत आणि विस्तवाजवळही नेऊ नयेत, कारण बधिर अंगास भाजल्याचे कळत नाही. बोटे काखेत धरून हळूहळू ऊब द्यावी आणि लवकर वैद्याकडे न्यावे. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हिमाचा थर अकस्मात कोसळण्याचे भय असते. तेथे कोणतीही पादुका कामास येत नाही. जाणत्या वाटाड्याचा सल्ला मानून ती वाट टाळणे हेच शहाणपण.

भारतीय सैन्य १९८४ पासून सियाचीनच्या परिसरात पहारा देत आहे. तेथे हिवाळ्यात तापमान शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरते. हिमालयातील अशा चौक्यांवर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गेलेले जवानही असतात. काळ्या मातीत वाढलेल्या या तरुणांना हिमावर चालणे नव्याने शिकावे लागते. एकमेकांच्या पावलांवर पाऊल टाकीत आणि थकलेल्याला मागे न सोडता ते पुढे जातात. केवळ बळाच्या जोरावर हिम तुडविता येत नाही. भार वाटून घेणारा माणूसच तेथून सुखरूप पार पडतो.