चांदरातीची खजूरवडी, मुलांच्या हातची

मागच्या वर्षी पाचवीच्या वर्गाला 'आमची ईद' हा निबंध दिला होता. वह्या तपासताना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती. अब्बूंबरोबर ईदगाहला गेलो, ईदी मिळाली, मित्रांकडे गेलो. आणि अम्मी? अम्मी स्वयंपाकघरात होती. घरी येऊन माझ्या मुलाला विचारलं, "तू काय लिहिशील?" तो म्हणाला, "तेच."

ते 'तेच' मला लागलं. पण शीरखुर्म्याचं उकळतं दूध आणि तापलेलं तूप मुलांच्या हाती कसं द्यायचं? म्हणून यंदा चांदरातीला गॅस न पेटवता होणारी खजूरवडी दोघांवर सोपवली. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात.

पाव किलो मऊ खजूर, ८-१० मारी बिस्किटं, अर्धी वाटी काजू-बदामाची भरड, चमचाभर तूप, चिमूटभर वेलचीपूड आणि वरून लावायला सुक्या खोबऱ्याचा कीस, एवढंच साहित्य. साखर मुळीच नको.

आधी खजूर मोजायचे, मग काढलेल्या बिया. आमची एक बी कमी भरली आणि शोधल्यावर गोळ्यातच सापडली. नाहीतर ईदच्या दिवशी दादीचा दात गेला असता! बिस्किटं जाड पिशवीत घालून लाटण्याने चुरायची. हे काम मुलाला फारच आवडलं. मग तुपाच्या हाताने खजूर मळून त्यात सगळं मिसळायचं. खजूर कडक असतील तर दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून कोरडे पुसून घ्या. आमच्या चिरंजीवांनी मला न विचारता दूध ओतलं. गोळा हाताला चिकटू लागला, चार बिस्किटं जास्तीची गेली. पुढे लांब गुंडाळी करायची, किसात घोळवायची, बटर पेपरमध्ये घट्ट बांधून दोन तास फ्रीजमध्ये ठेवायची. वड्या मात्र मोठ्यांनी कापाव्यात. सुकामेवा अख्खा घालू नका, लहानग्यांच्या घशात अडकतो. पाहुण्यांच्या मुलांपैकी कुणाला त्याची ॲलर्जी आहे का, तेही आधी विचारून ठेवा.

सासूबाई कुरकुरल्या, "लडके के हाथ में बेलन?" मी वाद घातला नाही. रसूलुल्लाह (स.) घरात काय करत, असं विचारल्यावर हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलं होतं की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. सही बुखारीतली ही हदीस सासूबाईंना माहीत आहेच. मी ती मुलांना सांगितली, जरा मोठ्याने.

ईद-उल-फित्रला नमाजला निघण्यापूर्वी विषम संख्येत खजूर खाणं सुन्नत आहे. त्यासाठी साधे खजूर वेगळे ठेवले होते. पण मुलीने तोच हिशेब वड्यांनाही लावला. सासूबाईंनी दोन उचलल्या तशी ती म्हणाली, "दादी, दो नहीं, तीन!" तिसरी वडी त्यांनी नातवाच्या हातून घेतली, चावून पाहिली आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली, "तू भी बैठ, ठंडा हो जाएगा शीरखुर्मा."