चिखलदऱ्याची कॉफी आणि सावलीखालची माती

आपल्या वऱ्हाडात चहाचे मळे नाहीत. पण तशाच डोंगरउतारावर, मोठ्या झाडांच्या सावलीत होणारी कॉफी अमरावती जिल्ह्यातच आहे. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात इंग्रजांच्या काळापासून ती लावली जाते. ही सावली काय काय कामे करते, ते क्रमाने पाहू.

ऊन. कॉफी मूळची इथिओपियाच्या जंगलातली. भर उन्हात ती भरमसाट लगडते आणि फळे पोसता पोसता फांद्या वाळतात. सावलीत झाड झेपेल तेवढेच फळ धरते.

पाऊस. पानांवर साचून उंचावरून पडणारा थेंब मोठा असतो. खाली जमीन उघडी असेल, तर तो माती उलट जास्तच उडवतो. म्हणजे धूप थांबवायला नुसती झाडे पुरत नाहीत, खाली पाचोळाही हवा.

पानगळ. सिल्व्हर ओकची पाने चिवट; कुजायला वेळ घेतात, पण जमीन बराच काळ झाकून ठेवतात. पांगारा, गिरिपुष्प यांची पाने मऊ, लवकर कुजणारी. शिवाय यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. म्हणून दोन्ही प्रकारची झाडे असावीत.

मातीतले मजूर. कपाशीची रोपे कुरतडते म्हणून आपण जिला शिव्या देतो, ती वाणी इथे कुजका पाचोळा खाऊन त्याचा भुगा करते. वाळवी, गांडुळे आणि बुरशी पुढचे काम करतात. गांडुळांच्या बिळांतून पाणी खाली मुरते.

मुळे. कॉफीची अन्न घेणारी मुळे बहुतेक वरच्या फूटभर मातीतच असतात. मायकोरायझा, म्हणजे मुळांशी भागीदारी करणारी बुरशी, दूरचा स्फुरद त्यांच्यापर्यंत आणते आणि बदल्यात साखर घेते.

चुका साधारण तीन ठिकाणी होतात. पहिली, स्वच्छतेच्या नावाखाली पाचोळा झाडून पेटवणे. दुसरी, एकाच जातीची झाडे लावणे. तिसरी, सावलीचे माप चुकणे: फार विरळ झाली तर उघड्या खोडावर खोडकिडा येतो, फार दाट झाली तर ओल कोंडून पानांवर तांबेरा. म्हणून पावसाळ्याआधी वरच्या फांद्या विरळ कराव्यात.

माती जिवंत आहे का, हे आपणही पाहू शकतो. ऑगस्टात उघडीप मिळाली की वीतभर खोल खड्डा खणून माती पोत्यावर पसरा. रवाळ ढेकळे, पांढरे बुरशीचे धागे आणि गांडुळे दिसली, तर काम नीट चालले आहे. माती घट्ट, चोपडी निघाली तर पाचोळा कमी पडतो आहे.

वरूड-मोर्शीच्या संत्र्याला दाट सावली चालत नाही, पण पाचोळ्याचे आच्छादन तिथेही उपयोगी पडते. फक्त ते बुंध्यापासून हातभर दूर ठेवावे, नाहीतर ओलीने डिंक्याला आमंत्रण मिळते; आणि रोगट गळ मात्र वेचून बागेबाहेर न्यावी.