एडिटरच्या पोटात युजनेट

युजनेटला मालक नाही आणि मुख्यालयही नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांना १९७९ साली सुचलेली ही चर्चेची व्यवस्था केवळ सर्व्हर एकमेकांना लेख पोचवीत राहतात म्हणून चालते. अशा व्यवस्थेचा वाचक-प्रोग्राम लिहावयाचा, आणि तोही ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या पोटात, हा उद्योग वरकरणी विक्षिप्तच. जपानच्या मासानोबु उमेदा यांनी तो १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केला. त्यांच्या 'ग्नूस'चे पुनर्लेखन नॉर्वेच्या लार्स मॅग्ने इंगेब्रिग्त्सेन यांनी १९९४ मध्ये हाती घेतले.

एडिटरच का, याचे उत्तर सोपे आहे. चर्चेत वाचण्याइतकेच लिहावे लागते. शोध, परिच्छेद जुळवणे, दुसऱ्याचा मजकूर उद्धृत करून त्याखाली उत्तर लिहिणे ही सारी साधने ईमॅक्समध्ये तयारच होती. शिवाय प्रोग्राम लिस्प भाषेत असल्याने वाचकाला तो हवा तसा वाकवता येतो.

अडचण होती ती लेखांच्या ओळखीची. सर्व्हर आलेल्या लेखांना क्रमाने आकडे देतो. पण लेख प्रत्येक सर्व्हरवर वेगळ्या क्रमाने पोचतात. त्यामुळे एकीकडचा ४५२० क्रमांकाचा लेख दुसरीकडे ३११ असू शकतो. सर्वत्र सारखी राहते ती लेखाच्या शीर्षभागातील 'मेसेज-आयडी' ही खूण. उत्तर लिहिणाऱ्याचा प्रोग्राम आधीच्या लेखांच्या खुणा 'रेफरन्सेस' या ओळीत नोंदवतो आणि तिच्याच आधारे ग्नूस चर्चेचा वंशवृक्ष मांडतो. कधी उत्तर आधी येते, मूळ लेख नंतर. कधी मूळ लेख सर्व्हरवरून पुसलेला असतो. बाप हरवलेल्या अशा भावंडांना एकत्र बसवणे, हे या प्रोग्रामातील खरे कसब.

दुसरा प्रश्न वेगाचा. सर्व्हरशी बोलण्याचे नियम, म्हणजे एनएनटीपी, १९८६ मध्ये ठरले. त्या मूळ नियमांनुसार प्रत्येक लेखाचा शीर्षभाग स्वतंत्रपणे मागवावा लागे. शंभर लेखांची यादी हवी तर शंभर मागण्या! पुढे 'एक्सओव्हर' ही आज्ञा आली व प्रत्येक लेखाची एक ओळ याप्रमाणे सगळा गोषवारा एकाच मागणीत मिळू लागला. तरीही ईमॅक्स एका वेळी प्रायः एकच काम करतो. सर्व्हर रेंगाळला की एडिटरही गोठतो, आणि अर्धवट लिहिलेले पत्रसुद्धा त्याच्यासोबत अडकून पडते. यावर उपाय म्हणून वाचक एका लेखात गुंतला असताना पुढचे लेख मागल्या दाराने आणून ठेवण्याची सोय ग्नूसमध्ये केलेली आहे.

वाचून झालेल्या लेखांची नोंद मात्र क्रमांकांवरच चालते: '१ ते ४५२०, ४५२३' अशा धर्तीची. तेथेच विकेंद्रित व्यवस्थेची किंमत मोजावी लागते. ड्यूक विद्यापीठाने आपला युजनेट सर्व्हर २०१० मध्ये बंद केला. गूगल ग्रुप्सने २०२४ च्या फेब्रुवारीपासून युजनेटवरील नवे लेख घेणे थांबवले. उरलेल्या सर्व्हरांवर चर्चा चालूच आहे. पण ग्नूसच्या वाचकाने सर्व्हर बदलला की त्याच्या जुन्या नोंदीतील आकडे निरर्थक ठरतात आणि वर्षानुवर्षे वाचलेले लेख पुन्हा 'न वाचलेले' म्हणून समोर उभे राहतात.