मागच्या डाव्या कोपऱ्यातला बोल्ट

सकाळी ८

शटर वर गेलं की पहिलं काम कूलरच्या टाकीत पाणी भरण्याचं. नवतपा सुरू आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यानंतरच्या या नऊ दिवसांत नागपुरात गॅरेज चालवायचं तर अंगमेहनतीची कामं अकराच्या आत उरकावी लागतात. दुपारी पत्र्याला उघडा हात लागला तर चटका बसतो. २०२०च्या नोव्हेंबरात वर्धा रोडवरचा डबलडेकर पूल खुला झाला, त्याच वेळी मनीषनगरची रेल्वे ओलांडायचीही सोय झाली. तेव्हापासून फाटकाची वाट बघणं संपलं आणि बेसा-बेलतरोडीकडच्या गाड्या आठच्या ठोक्याला दारात येऊ लागल्या.

आज पहिली आली ती पिवळी नॅनो. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत, अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणते.

“भाऊ, झटके देते. सिग्नलवर उभी राहिली की थरथरते आणि बंद पडते.”

चालू करून कान दिला. मिसिंग होती. नॅनोचं इंजिन ६२४ सीसीचं, दोनच सिलिंडरचं. चारातला एक रुसला तर गाडी कुरकुरत का होईना चालते. दोनातला एक रुसला की अर्धं इंजिनच गेलं. प्लग बघावे लागणार होते. बाईंना म्हटलं, “संध्याकाळपर्यंत ठेवा. ऑटोनं जा, उन्हात चालू नका.”

पावणेनऊ

नॅनोचं इंजिन मागे असतं. पुढचं बॉनेट उघडलं तर स्टेपनी दिसते. आजकालची पोरं हे बघून चक्रावतात, कारण त्यांनी ही गाडी फारशी पाहिलेलीच नाही. १० जानेवारी २००८ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा माझा पोऱ्या बालवाडीतही नव्हता, आणि २०१८मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा तो शाळेत होता. कमी सामानात गाडी कशी उभी करायची याचा इतका बारीक विचार मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिला नाही. चाकाला तीन नट, काचेला एक वायपर. मला ही गाडी मनापासून आवडते, आणि म्हणूनच तिचं काम मी कधी परतवत नाही.

सुरुवातीच्या मॉडेलला मागचा दरवाजा उघडत नाही. मागची सीट पाडायची, आतून गुडघ्यांवर रांगत जायचं आणि सामानाच्या जागेखालचं इंजिनचं कव्हर काढायचं. ते हाताने फिरवता येणाऱ्या, पंखासारख्या डोक्याच्या स्क्रूंनी बसवलेलं असतं. पाना लागू नये आणि मालकालाही उघडता यावं, हा त्यामागचा हेतू.

पोऱ्या आत शिरला. एकेक स्क्रू बाहेर आला. मग आवाज आला, “उस्ताद, हा मागचा फिरून नाही राह्यला.”

डाव्या कोपऱ्यात मूळचा स्क्रू नव्हताच. कोणीतरी कधीतरी तो हरवला होता आणि त्या जागी सहा मिलिमीटरचा साधा बोल्ट ठोकला होता. त्याला दहाचा पाना लागतो. आधीच्या कुणीतरी अकराचा लावून कडा गोल करून ठेवल्या होत्या. आटेही तिरपे चढवलेले. खालच्या बाजूला पत्र्याला जोडलेला नट असतो, त्यावर चाकाने उडवलेला चिखल आणि पाणी बसलेलं. अनेक पावसाळ्यांचा गंज असा चढला होता की बोल्ट आणि नट एकच लोखंड झालं होतं.

साडेनऊ

पोऱ्या लांब दांड्याची पकड घेऊन आला. मी ती काढून घेतली.

त्याला हिशेब सांगितला, तो इथेही सांगतो, कारण गॅरेजमध्ये मोडणारे बहुतेक बोल्ट या एका हिशेबाअभावी मोडतात. सहा मिलिमीटरचा सर्वसाधारण बोल्ट सुमारे १० न्यूटन मीटरला आवळतात. हातातला पाना १५ सेंटिमीटरचा असेल आणि आपण टोकावर जेमतेम दहा किलोचा जोर लावला, तर तिथेच १५ झाले. धडधाकट माणूस याच्या दुप्पट-तिप्पट सहज ओढतो. म्हणजे या मापाचा बोल्ट मोडायला ताकद लागतच नाही. न मोडता काढायला डोकं लागतं. बोल्टचं डोकं तुटलं की ड्रिल मारायचं, ड्रिल घसरलं की पत्र्याचा नट सुटून गरगर फिरणार, आणि मग दोनशे रुपयांच्या कामासाठी वेल्डिंगवाल्याकडे जायचं. तेही सीटच्या फोमशेजारी आणि पेट्रोलच्या नळीजवळ. मी ते होऊ देत नाही.

तारेच्या ब्रशने डोकं आणि भोवतालचा पत्रा साफ केला. खालून, चाकाच्या बाजूने हात घालून नटाच्या शेपटीवरचा चिखल खरवडला. ही पायरी लोक गाळतात. वरून कितीही तेल ओतलं तरी खालचं टोक मातीने बंद असेल तर ते आट्यांत उतरत नाही. मग दोन्हीकडून गंज सोडवणारं तेल मारलं आणि पोऱ्याला म्हटलं, “आता हात नाही लावायचा.”

निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० सगळ्यांना ठाऊक असतं. १९५३मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवलं. नावातला चाळीस म्हणजे चाळिसावं मिश्रण. पण पुरता जाम झालेला बोल्ट सोडवायचा तर त्यापेक्षा पातळ, खास आत शिरणारं तेल मला जास्त उपयोगी वाटतं. कोणतंही घ्या, त्याला वेळ द्यावा लागतो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीतून ते आपोआप खेचलं जातं, आणि ते खेचणं आपल्या घाईने वाढत नाही.

११

तोवर वॅगनआरचे ब्रेक पॅड झाले, एका अल्टोचं कूलंट झालं.

परत नॅनोत शिरलो. बोल्टच्या डोक्यावर पंच ठेवून हलक्या हातोडीने सरळ खाली ठोके दिले. जोराचे नाहीत, सारख्या वजनाचे. गंज ठिसूळ असतो. हादऱ्याने त्याला चिरा जातात आणि चिरांतून तेल उतरतं. मग लॉकिंग पकड घट्ट बसवून आधी आवळायच्या दिशेने किंचित दाबलं. सोडवायचं असताना आवळायचं कशाला, असं पोऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलं. गंजाची पकड कुठल्याही दिशेने तुटली तरी ती तुटलेलीच असते, आणि आवळायच्या बाजूचे आटे बहुधा कमी खराब असतात.

हलला नाही. पकडीच्या दांड्यात मला तो किंचित पिळवटल्याचं जाणवलं. लवचीक, रबरासारखं. ही खूण ओळखता येणं हेच या धंद्याचं शिक्षण आहे. यानंतर अर्धा इंच ओढलं की बोल्ट दोन तुकड्यांत. हात काढला. पुन्हा तेल.

दुपारी १

बाईंचा फोन. “भाऊ, एका स्क्रूसाठी एवढं काय? छिन्नीने उडवून टाका ना.”

“उडवतो, पण मग ते कव्हर एका कोपऱ्यात कायमचं मोकळं राहील. आवाज येईल, इंजिनची गरमी आणि वास आत येईल. थोडं थांबा.”

त्यांनी थांबायचं कबूल केलं.

रस्ता ओस पडला होता. शटर अर्धं खाली ओढून डबा खाल्ला. डोक्यावरून विमान उतरत गेलं. विमानतळ इथून जवळच आहे आणि त्याला लागून मिहानमध्ये बोइंगने उभारलेला विमान दुरुस्तीचा तळ. विमानाच्या इंजिनाच्या झाकणांसाठी विल्यम झूस नावाच्या माणसाने १९३०च्या दशकात एक कडी शोधली, पाव वळसा दिला की बंद, उलट पाव वळसा दिला की उघड. तपासायची गोष्ट चटकन उघडली पाहिजे, हे विमानवाल्यांना फार लवकर उमगलं. जे झाकण उघडायला त्रास होतो ते कोणी उघडत नाही. बाईंच्या गाडीत तेच झालं असणार. आधीच्या प्रत्येकाने तो बोल्ट बघितला आणि आतलं काम “नंतर करू” म्हणून सोडून दिलं.

३

या उन्हात पत्रा तापलेला होताच, पण बोल्ट आणि नट दोघं सारखेच तापले तर फायदा नाही. एकटा बोल्ट तापायला हवा. गॅसची ज्योत इथे चालणार नाही. म्हणून वायरिंगच्या कामाचं सोल्डरिंग आयर्न काढलं, टोक बोल्टच्या डोक्यावर टेकवलं, भोवती ओलं फडकं ठेवलं. उष्णता डोक्यातून दांड्यात उतरते, बोल्ट थोडासा फुगतो, गंजाचा थर दाबला जाऊन फुटतो. मग आयर्न काढून थंड होऊ द्यायचं. आकसताना फट पडते आणि तेल आत ओढलं जातं.

गाडीच्या आत बसणं अशक्य होतं. मी आणि पोऱ्या पाळीपाळीने शिरलो. बाहेर येणाऱ्याने मीठ-साखरेचं पाणी प्यायचं, मगच दुसरा आत.

४ वाजून काही मिनिटं

“कट्.”

तो आवाज दोघांनी ऐकला. पोऱ्या ओरडला, “सुटला!” सुटला नव्हता, फक्त हलला होता. इथेच बहुतेक जण घाई करतात आणि आलेलं यश मोडून बसतात. पाव वळसा उलट, लगेच तितकाच सुलट, तेल, परत उलट. गंजाचा लाल चिखल आट्यांतून वर यायला लागला. कचरा निघत गेला तसा वळसा लांबत गेला, आणि शेवटी बोल्ट बोटांनी बाहेर आला. आख्खा.

नटाचे आटे चेपलेले होते. सहाचा टॅप घेतला, त्याच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे लोखंडाचा कीस ग्रीसला चिकटतो, खाली बेल्टवर पडत नाही. टॅप अर्धा वळसा पुढे, पाव वळसा मागे. आटे परत चकाकले.

कव्हर उघडलं. एका प्लगचं टोक झिजून काळं पडलेलं, फट वाढलेली. दोन्ही नवे टाकले. वीस मिनिटांचं काम. इंजिन एका सुरात चालायला लागलं.

भंगारातल्या एका नॅनोचे मूळचे स्क्रू मी डब्यात जपून ठेवले आहेत. त्यातला एक पोऱ्याच्या हातात दिला. आट्यांना तांब्याचं ग्रीस, आणि सुरुवात बोटांनीच. “आधी उलटा फिरव. खटकन खाली बसल्यासारखा वाटला की मग सुलटा. दोन-तीन वळसे जोर न लावता गेले तरच पुढे.” तिरपे आटे चढणं एवढ्यानेच टळतं.

संध्याकाळी ७

बाई आल्या. गाडी चालू केली, कान देऊन ऐकलं, समाधानाने मान हलवली. मी म्हटलं, “आता कव्हर तुम्ही उघडा.”

“मी?”

“ते तुमच्यासाठीच आहे.”

मागची सीट पाडून त्यांनी एकेक स्क्रू सोडवला. डाव्या कोपऱ्यातलाही. मी टॉर्च धरून आतल्या जागा दाखवल्या. त्यांनी विचारलं, “दर महिन्याला बघायचं?” म्हटलं, “महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना. आणि स्क्रू एका वाटीत ठेवा, सीटवर नको.” मग कव्हर त्यांनीच बसवलं. शेवटचा स्क्रू त्या जास्तच आवळायला लागल्या, तेव्हा थांबवलं. हाताला घट्ट लागला की पुरे.

बिलात दोन प्लग, एक स्क्रू आणि दीड तासाची मजुरी लावली. तेल मुरायला गेलेला वेळ लावला नाही. त्या वेळात वॅगनआर आणि अल्टोचं काम झालं होतं. जॉबकार्डवर लिहिलं: डावा मागचा बोल्ट बदलला, टॅप ६ × १, तांबं ग्रीस, हातानेच आवळणे. गाडी पुढे कुणाच्याही गॅरेजला गेली तरी त्याला हे कळलं पाहिजे.

पोऱ्या हत्यारं पुसत होता. उद्या सकाळी एका टॅक्सीचा ऑइल ड्रेनचा नट काढायचा आहे, त्याच्याही कडा गोल आहेत. त्याला सांगितलं, रात्री जातानाच त्यावर तेल मारून ठेव.