घाटावरची हवा आणि पत्र्याखालची हवा

मुंबईहून निघालेली गाडी कर्जत सोडून बोरघाट चढू लागली की, डब्यातील उतारूंच्या वागण्यात थोडा बदल दिसू लागतो. गळ्याभोवतीचे रुमाल निघतात, पेंगणारे जागे होतात, आणि कोणीतरी 'आता हवा बदलली' असे म्हणतो. तेवढ्या वाक्यावरून दोन शहरांच्या हवेचा जुना वाद सुरू होतो आणि चिंचवडचे स्टेशन आले तरी मिटत नाही. मुंबईकराला घाटावरची थंडी बोचते, कोरड्या हवेने त्याचे ओठ फुटतात. उलट चिंचवडकर दादरला उतरतो न उतरतो तोच त्याचा सदरा अंगाला चिकटू लागतो. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात.

या वादात तापमापकाची साक्ष काढली तर ती मात्र चमत्कारिक ठरते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचे दुपारचे सरासरी तापमान ३७-३८ अंशांच्या घरात असते, तर मुंबईचे ३३ अंशांच्या आसपास. केवळ आकड्यांवर जायचे तर उन्हाळ्याची दुपार मुंबईतच सुसह्य म्हणावी लागेल! परंतु मुंबईची हवा समुद्राच्या बाष्पाने भारलेली. तीत घाम लवकर सुकत नाही, आणि घाम सुकल्यावाचून शरीर निवत नाही. समुद्र त्या शहराला दिवसा फार तापू देत नाही, तसा रात्री निवूही देत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरचे पुणे मात्र मे महिन्यातही पहाटेपर्यंत २२-२३ अंशांपर्यंत उतरते. घाटावरच्या हवेची कीर्ती दुपारीवर नव्हे, रात्रीवर उभी आहे.

पावसाची तऱ्हा याहून निराळी. मुंबईत सांताक्रूझला वर्षाकाठी सव्वादोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्यात तो त्याहून कितीतरी अधिक, आणि पुण्यास पोहोचेपर्यंत जेमतेम साडेसातशेच्या आसपास उरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्याच्या साऱ्या वर्षाच्या वाट्याहून तो अधिक होता. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यास मुक्कामाला येत, यात नवल नाही. गणेशखिंडीतील त्यांचे निवासस्थान पुढे विद्यापीठाची मुख्य इमारत झाले. देशाच्या हवामानखात्याचे मुख्यालयही १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, आणि पुणेकरांच्या तोंडी त्याचे 'सिमला ऑफिस' हे नाव कायमचे बसले.

गव्हर्नर हवा निवडू शकत होता. पेन्शन घेऊन घाटावर स्थायिक होणारा मुंबईचा कारकूनही ती निवडू शकत होता. पिंपरी-चिंचवडचे बहुसंख्य रहिवासी मात्र हवा पाहून आलेले नाहीत. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि आकुर्डी-भोसरीच्या माळांवर यंत्रांचा आवाज घुमू लागला. १९८२ साली येथे महानगरपालिका आली आणि या शतकात मोटारींचे कारखाने चाकणपर्यंत पसरले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार येथून माणसे आली ती पगारासाठी. तरीही हवेविषयी प्रत्येकाचे मत आहेच. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्याला येथील मे महिना सौम्य वाटतो, तर रत्नागिरीच्या माणसाला डिसेंबरची पहाट असह्य होते. तात्पर्य, हवेची आवड ही बहुधा बालपणी शरीराला लागलेली सवय असते.

परंतु ही आवडनिवड बोलून दाखवण्यास डोक्यावर बरे छप्पर असावे लागते. वेधशाळेचा तापमापक मोकळ्या जागी, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या पेटीत, सावलीत टांगलेला असतो. त्या पेटीत कोणी राहत नाही. हिवाळ्यात शिवाजीनगरचा पारा १० अंशांच्या खाली गेलेला असतो, त्याच पहाटे चिंचवडचा पारा कित्येकदा काही अंशांनी वरच असतो. जागेची ठेवण आणि भोवतालची वस्ती या दोहोंचा तो परिणाम. सिमेंट, डांबर आणि पत्रा दिवसभर ऊन पितात आणि तेच रात्री परत करतात. ज्या रात्रीवर या हवेची कीर्ती उभी आहे, तीच अशा रीतीने हिरावली जाते.

महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांत कारखान्यांच्या आसऱ्याने भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. रात्रपाळी करून आलेला तरुण पत्र्याखालच्या अशा खोलीत भर दुपारी झोपू पाहतो. घाटावरची थंड रात्र त्याने यंत्राजवळ घालवलेली असते, आणि त्याच्या विश्रांतीच्या वाट्याला येते ती दुपार. मुंबईची हवा बरी की पुण्याची, हा प्रश्न त्याला विचारणे व्यर्थ होय. त्याची हवा डोक्यावरचा पत्रा ठरवतो.

१९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या जागी भिंती आणि छप्पर असे असावे की आतील उष्णता शक्य तितकी कमी राहील, असा दंडक घातला होता. कामगाराच्या घराच्या छपराविषयी तेवढा आग्रह कोणी धरल्याचे दिसत नाही. वस्तुतः उपाय अवघड नाहीत. पत्र्याखाली आच्छादन, वर पांढरा चुना, समोरासमोर दोन खिडक्या आणि खोल्यांच्या रांगेपुढे कडुनिंबाची चार झाडे एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. घरभाडे घेणाऱ्या मालकाकडून एवढे करवून घेणे ग्रामपंचायतींना आणि नगरपरिषदेला अशक्य नाही, आणि ज्यांच्यासाठी ही माणसे राबतात त्या कारखान्यांनी त्यात वाटा उचलणेही गैर ठरणार नाही.

गाडीत खिडकीशी बसून हवेची तुलना करण्याचा आनंद निर्मळ आहे आणि तो तसाच राहावा. घाट चढताना अंगावर येणारा वारा कोणाच्याही मालकीचा नाही. मात्र तो चाकणच्या खोलीपर्यंत पोहोचावा, यासाठी तिथे आधी खिडकी असली पाहिजे.