मातीची हळकुंडं, मोंढ्याचा भाव

हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि मग वसमतच्या मोंढ्यावर न्यायची. हिंगोली जिल्ह्यातल्या हळद पिकवणाऱ्या घरांत ही धांदल चार वर्षांची पोरंही पाहत असतात. अंगणात मग त्यांचा बाजार भरतो. करवंट्यांचा तराजू, मातीची ढेकळं म्हणजे हळकुंडं, पिंपळाची पानं म्हणजे नोटा. ‘तू आडत्या हो, मी माल आणतो.’ ‘आधी माप, मग पैसे.’ ‘ओली असली तर मी घेणार नाही.’

हे शेवटचं वाक्य नीट ऐकायला हवं. तिथे हळदच नाही, मग ओली कुठली? तरी समोर नसलेल्या मालाबद्दल, अट घालून, नकारासह मूल बोललं. जेवू-न्हाऊ घालताना आपलं बोलणं बहुतेक ‘ये’, ‘बस’, ‘नको’ एवढ्यावर भागतं. खेळात तेवढ्यावर भागत नाही. ढेकूळ म्हणजे हळकुंड हे सोबत्याला शब्दांनीच पटवावं लागतं. शिवाय आडत्या कोण होणार यावरून भांडण होतं, आणि ते मिटवताना कारणं द्यावी लागतात. माझ्या मते भाषेची निम्मी कमाई या भांडणातच असते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी 1933 मधल्या एका व्याख्यानात एका वस्तूला दुसरी मानण्याचा हा खेळ उलगडला होता. काठीचा घोडा करणारं मूल शब्दाचा अर्थ वस्तूपासून सोडवून घेतं. पुढे वाचतानाही हेच करायचं असतं: समोर नसलेलं जग शब्दांतून उभं करायचं.

पण खेळलं की भाषा आपोआप सुधारते, असं म्हणायला पुरावा पुरत नाही. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अनेक अभ्यास तपासून तसं स्पष्ट लिहिलं. लुटुपुटुच्या खेळाचा भाषेशी संबंध दिसतो. मात्र तो खेळामुळे की खेळताना होणाऱ्या बोलण्यामुळे, हे सुटं करणं अवघड आहे. अमेरिकेतल्या ॲना सोसा यांनी 10 ते 16 महिन्यांच्या 26 बाळांचं पालकांसोबतचं खेळणं नोंदवलं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बटण दाबताच बोलणारी खेळणी हाती असताना पालक कमी बोलले. पुस्तक हाती असताना जास्त. खेळणं बोलू लागलं की घरचं माणूस गप्प होतं.

त्यामुळे अंगणवाडीत महागडं साहित्य नाही म्हणून हळहळण्याचं कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत बिया, शंख-शिंपले, खडे, पानं यांवरच बालशिक्षण उभं केलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली.

हिंगोलीत खेळातून भाषा शिकण्याला आणखी एक पदर आहे. बंजारा तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोली बोलतं आणि अंगणवाडीत त्याच्या कानावर मराठी पडते. प्रश्नोत्तरांच्या वेळी ते गप्प बसतं, त्याला ‘मंद’ ठरवलं जातं. हे फार वाईट आहे. त्याच मुलाला बाजाराच्या खेळात घ्या. माप, पैसे, पोतं यांच्या हालचालींतून त्याला मराठी शब्दांचा अर्थ लागतो; अडलं तिथे ते गोरमाटी शब्द घालतं आणि सौदा पुढे सरकतो. अंगणवाडीताईंनी अशा वेळी दुरुस्ती करू नये. गिऱ्हाईक होऊन शेजारी बसावं, ‘एवढी महाग का?’ असं विचारावं आणि उत्तर कुठल्याही बोलीत आलं तरी पुढचा भाव करावा.