मोटारघराची जमीन

घर बांधताना भिंती, दारे आणि छप्पर यांकडे जितके लक्ष दिले जाते, तितके जमिनीकडे बहुधा दिले जात नाही. वस्तुतः घरातील सर्व भार शेवटी जमिनीवरच येतो आणि प्रत्येक खोलीच्या जमिनीला निराळे काम करावे लागते. शेणाने सारवलेली जमीन माजघरात सुखद वाटे. परंतु न्हाणीघरात तिचा टिकाव लागत नसे, म्हणून तेथे दगडी फरशी बसवीत. गोठ्याची जमीन तर विशेष विचाराने केली जाई. जनावराचा खूर घसरू नये म्हणून ती खडबडीत ठेवीत आणि ओल साचू नये म्हणून तिला एका बाजूस उतार देत. आज अनेक घरांत गोठ्याची जागा वाहन ठेवण्याच्या खोलीने घेतली आहे. मराठीत ‘गॅरेज’ म्हटले की दुरुस्तीचे दुकान डोळ्यांपुढे उभे राहते. तेव्हा घरच्या या खोलीला मोटारघर म्हणणे बरे. या मोटारघरासाठी एकमेकींत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या लाद्या आता बाजारात मिळतात. त्या दिसतात सुबक, आणि गवंड्यावाचून एका दिवसात बसतात. त्या कोठे उपयोगी पडतील आणि कोठे नाही, हे कळण्यास मात्र आधी मोटार जमिनीकडून काय काय मागते, ते पाहिले पाहिजे.

मोटारीच्या मागण्या गाईबैलांच्या मागण्यांहून फारशा वेगळ्या नाहीत. पावसाळ्याचे चार महिने ती अंगावरून पाणी निथळत आत येते, आणि कोकणात तर त्या पाण्याबरोबर तांबडी मातीही आणते. यंत्रातून तेलाचा थेंब गळतो. चाके लांबच्या प्रवासाने तापलेली असतात. बॅटरीतील गंधकाम्ल कधी सांडते. दुरुस्तीच्या वेळी हातातून पाना निसटतो आणि जॅकच्या लहानशा पायावर गाडीचा मोठा भार येतो.

आपल्याकडे मोटारघरात बहुधा सिमेंटचा कोबा किंवा शहाबादी फरशी असते. कोबा स्वस्त व बळकट खरा, पण तो सच्छिद्र असल्यामुळे तेल शोषून घेतो; एकदा मुरलेला काळा डाग कितीही घासला तरी निघत नाही. शहाबादी फरशी कर्नाटकातील शहाबाद या गावावरून ओळखली जाते. ती चुनखडीच्या जातीची आहे. चुनखडीवर आम्ल पडले की कार्बन डाय-ऑक्साइडचे बुडबुडे उठतात आणि दगड खाल्ला जातो. बॅटरीखालची फरशी पांढुरकी व खरखरीत झालेली दिसते, ती यामुळेच. राजस्थानातून येणारा कोटा दगड याच कुळातला. चकचकीत चिनी मातीच्या लाद्या आम्लाला दाद देत नाहीत; परंतु ओल्या झाल्या की त्यांवरून पाय घसरतो आणि जड हत्यार पडले की त्यांना तडा जातो. दिवाणखान्यात शोभणारी लादी मोटारघरात लावणे म्हणजे पैठणी नेसून शेतात चिखलणी करण्यासारखे आहे.

प्लास्टिकच्या लाद्या मुख्यतः दोन पदार्थांच्या असतात. पहिला पॉलिप्रॉपिलीन. इटलीतील मिलान येथे जुलिओ नाट्टा या रसायनशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये प्रॉपिलीन या वायूच्या रेणूंची शिस्तबद्ध साखळी गुंफून हा कठीण पदार्थ मिळविला. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यास जर्मनीच्या कार्ल त्सीग्लरसह १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा पदार्थ ताठ, हलका, आणि तेल व सौम्य आम्ल यांना न जुमानणारा असतो. दुसरा पदार्थ पॉलिव्हिनिल क्लोराइड. घरोघरी पाण्याच्या ज्या करड्या नळ्या दिसतात, त्या याच्याच. लाद्यांसाठी मात्र त्यात मृदू करणारी द्रव्ये मिसळून तो लवचीक करतात. अशी लादी पायास मऊ लागते आणि तिचा आवाजही होत नाही. पण तिच्यात एक उणेपण आहे. टायरचे रबर हवेने झिजू नये म्हणून त्यात जी द्रव्ये घातलेली असतात, ती तापलेल्या चाकातून या मऊ लादीत उतरतात आणि तेथे पिवळसर-तपकिरी डाग कायमचा उमटतो. रोज दूरवर धावणाऱ्या गाडीखाली, विशेषतः फिकट रंगाची, अशी लादी घालू नये.

लादीच्या दोन बाजूंस आकडे आणि उरलेल्या दोन बाजूंस कड्या असतात. एकीचे आकडे दुसरीच्या कड्यांत दाबून बसविले की जोड होतो. यास सिमेंट लागत नाही आणि गोंदही लागत नाही. म्हणूनच भाड्याच्या घरात राहणाऱ्यास ही जमीन सोयीची, कारण घर सोडताना ती उचलून नेता येते. काही लाद्यांचा पृष्ठभाग जाळीदार असतो, तर काहींचा सलग. जाळीतून पाणी खाली उतरून जाते व वर कोरडे राहते, हे पावसाळ्यात फार मोलाचे. सलग लादीवर पाणी वरच राहते, परंतु सांध्यांतून ते झिरपतेच. ती जलरोधक आहे असे समजणे चूक होय. उलट, जाळीत हातातला लहान खिळा पडला तर तो शोधण्यास अर्धी जमीन उकलावी लागते.

या लाद्या बसविताना सर्वांत अधिक फसगत होते ती उष्णतेमुळे. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हे सर्वांस ठाऊक असते. पण प्लास्टिक काँक्रीटच्या सुमारे दहापट पसरते हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. पॉलिप्रॉपिलीनची एक मीटर लांबीची पट्टी तापमान एका अंशाने वाढले असता सुमारे एक दशांश मिलिमीटर वाढते. ही वाढ नगण्य वाटते. आता सहा मीटर लांबीचे मोटारघर घेतले आणि माघातील पहाट व वैशाखातील दुपार यांत तीस अंशांचा फरक धरला, तर हिशेब असा होतो: सहा गुणिले तीस गुणिले एक दशांश, म्हणजे अठरा मिलिमीटर. जवळजवळ एक बोटभर जमीन वाढली! थंडीच्या दिवसांत भिंतीला भिडवून घट्ट बसविलेल्या लाद्या उन्हाळ्यात जागा न मिळाल्यामुळे मध्येच फुगून वर येतात. पूर्वी रुळांच्या सांध्यांत फट ठेवीत, ती याच कारणासाठी. तेव्हा भिंतीलगत चोहोबाजूंनी बोटभर मोकळी जागा सोडली पाहिजे. दाराजवळ जेथे ऊन थेट येते, तेथे काळ्या लाद्या विशेष तापतात. तेथे फिकट रंग बरा.

भाराविषयी मात्र लोक उगाच धास्तावतात. बाराशे किलोग्रॅम वजनाची गाडी चार चाकांवर उभी राहते, म्हणजे एका चाकावर तीनशे किलोग्रॅम. हे ओझे मोठे वाटले, तरी चाक जमिनीवर तळहाताएवढी जागा व्यापते. त्या जागेवरचा दाब साधारणतः टायरमधील हवेच्या दाबाइतकाच, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दोन-सव्वादोन किलोग्रॅम असतो. चांगली लादी तो सहज सोसते. खरा धोका अगदी लहान जागेवर पडणाऱ्या भाराचा. मोटारसायकल जेव्हा बाजूच्या स्टँडवर तिरपी उभी केली जाते, तेव्हा तिचा भार त्या स्टँडच्या अंगठ्याएवढ्या टोकावर येतो आणि लादीस खळगा पडतो. जॅकची गोष्टही तीच. लादीची खालची बाजू पोकळ असून ती बारीक पायांवर उभी असते; भार दोन पायांच्या मध्ये पडला तर ती दबते, आणि जॅक हलला तर वरची गाडी कोसळू शकते. गाडीखाली माणूस काम करीत असेल तर ही साधी गोष्ट राहत नाही. जॅकखाली व टेकूंखाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा घालावा. किंबहुना तेवढ्या चार लाद्या उचलून जॅक सरळ कोब्यावरच ठेवावा, हे सर्वांत उत्तम.

येथे मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. लादी ही जमिनीचे झाकण आहे, औषध नव्हे. कोब्यास भेग असेल तर ती लादीखाली वाढतच जाईल, फक्त दिसणार नाही. कोब्यास दाराकडे उतार नसेल तर लादीने तो येणार नाही. दर मीटरला सुमारे एक सेंटीमीटर उतार असला म्हणजे पाणी आपोआप बाहेर जाते. नसेल तर जाळीतून उतरलेले पाणी खालीच साचते, त्यात माती कुजते, झुरळे होतात आणि खोलीत कुबट वास येऊ लागतो. वरून मात्र सारे स्वच्छ दिसत असते.

जमिनीतून ओल वर येते की काय, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा पारदर्शक कागद कोब्यावर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस व एक रात्र तसेच राहू द्यावे. कागदाच्या खालच्या अंगास पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर ओल जमिनीतूनच येत आहे. थेंब वरच्या अंगास असतील, तर ते हवेतील बाष्पाचे होत. ओल असलेल्या जमिनीवर रंगाचा थर दिल्यास तो पापुद्रे धरून सुटतो. सुट्या लाद्यांचा येथे खरा लाभ आहे. त्या जमिनीस चिकटलेल्या नसल्यामुळे ओल त्यांखालून निसटू शकते. सखल भागात मात्र वेगळी अडचण येते. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्यामुळे पूर आला असता लाद्यांची अख्खी चटई तरंगू लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असे दिवस पाहिलेल्या वस्तीत साधा खडबडीत कोबाच शहाणपणाचा.

आगीचा विचारही केला पाहिजे. पॉलिप्रॉपिलीन जळते, आणि जळताना वितळून ठिबकते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती खाली जमिनीलगत पसरते. सांडलेले पेट्रोल जाळीतून लादीखाली गेले तर ते पुसता येत नाही आणि डोळ्यांनाही दिसत नाही. अशा वेळी दारे उघडी टाकून तेथील लाद्या लगेच उचलाव्यात, विजेचे बटण दाबू नये, आणि जागा पूर्ण कोरडी होईपर्यंत गाडी सुरू करू नये. जेथे धातू जोडण्याचे वा घासण्याचे काम ठिणग्या उडवीत चालते, तेथे ही जमीन मुळीच नको.

एवढे पाहून लाद्या घेण्याचे ठरलेच, तर हिशेब अवघड नाही. दहा फूट रुंद व वीस फूट लांब खोलीस एक फुटाच्या दोनशे लाद्या लागतात. कापण्यात वाया जाणाऱ्या धरून दोनशेवीस घ्याव्यात. खोली काटकोनात आहे असे गृहीत धरू नये. दोन्ही कर्ण मोजावेत, आणि ते सारखे नसतील तर दाराकडची ओळ सरळ ठेवून तिरपेपणा मागच्या भिंतीकडे ढकलावा. खंडेनवमीस घरोघरी हत्यारे पुसून ठेवतात आणि दसऱ्यास वाहनाला झेंडूची माळ घालतात. तोवर पाऊसही ओसरत आलेला असतो. लाद्या उकलून खालचा गाळ धुण्यास ते दिवस सोयीचे. एका कारखान्याचे आकडे दुसऱ्याच्या कड्यांत बसत नाहीत आणि आजचा नमुना पाच वर्षांनी मिळेलच असे नाही. यासाठी उरलेल्या डझनभर लाद्या टाकून न देता माळ्यावर ठेवाव्यात.